कास्तिल्योनेच्या बायका आणि पाचवे कलम

इटलीच्या एकीकरणाचा इतिहास आपल्याकडे पदवीच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जात आला आहे. त्यात २४ जून १८५९ ची सोल्फेरिनोची लढाई दोन ओळींत उरकते : फ्रान्स व सार्डिनिया यांनी ऑस्ट्रियाचा पराभव केला, लोंबार्डी मिळाली, काव्हूरचे धोरण फळाला आले. मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे ४० हजार सैनिक या दोन ओळींत मावत नाहीत.

लढाईनंतर जखमींचे लोंढे शेजारच्या कास्तिल्योने गावात आले. चर्च, घरे, रस्ते भरून गेले. गावातील बायकांनी शत्रुमित्र असा भेद न करता त्यांना पाणी पाजले, त्यांच्या जखमा धुतल्या. जिनिव्हाचा हेन्री ड्यूनांट हा ३१ वर्षांचा व्यापारी तेव्हा तेथे पोहोचला होता आणि तोही या कामात पडला. तो काही सेवाभावाने आलेला नव्हता. अल्जीरियातील धंद्याच्या कामासाठी त्याला तिसऱ्या नेपोलियनची भेट हवी होती. (थोर कार्याचा उगम थोर हेतूतच असतो, हा समज येथे टिकत नाही.) १८६२ मध्ये त्याने या आठवणींचे पुस्तक स्वखर्चाने छापले. पुढच्याच वर्षी रेड क्रॉसची मूळ समिती स्थापन झाली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी १२ राष्ट्रांनी जिनिव्हा करारावर सह्या केल्या.

करार अवघ्या १० कलमांचा. जखमी सैनिक कोणत्याही राष्ट्राचा असो, त्याची शुश्रूषा झाली पाहिजे, हे सहावे कलम प्रसिद्ध आहे. आम्हांला त्याआधीचे पाचवे कलम अधिक शिकवण्याजोगे वाटते. जखमींना मदत करणाऱ्या रहिवाशांचा मान राखावा व त्यांना मुक्त राहू द्यावे, असे ते सांगते. कास्तिल्योनेच्या बायकांसारखी माणसे अशा रीतीने, नावाविना का होईना, कायद्यात आली. या कलमाची गरज का भासली असावी, असे आम्ही वर्गात विचारले, तेव्हा एका विद्यार्थिनीने चटकन उत्तर दिले : "मदत केली म्हणून कोणी तरी शिक्षा करीत असणार." मानवी प्रतिष्ठेची व्याख्या घोकून घेऊन हे उत्तर मिळाले नसते.

१९४९ च्या जिनिव्हा करारांनी त्यांच्या अभ्यासाची जबाबदारी राष्ट्रांवरच टाकली : लष्करी शिक्षणात, आणि शक्य तर नागरी शिक्षणातही. भारताने १९६० मध्ये या करारांसाठी स्वतंत्र कायदा केला. मात्र त्या 'शक्य तर'चा आडोसा घेऊन आपण हा विषय लष्कराकडे आणि विधी महाविद्यालयांकडे सोडून मोकळे होतो. त्यासाठी नवा पेपर कशाला हवा? सोल्फेरिनो शिकवायची असतेच. त्याच तासाला पाचवे कलम वाचायला दहा मिनिटे पुरतात.