निखाऱ्यांचा वायु आणि मेंदूची तपासणी

बाळंतिणीची खोली म्हटली म्हणजे माझ्या पिढीच्या लोकांना दोन गोष्टी प्रथम आठवतात: ओव्याची धुरी आणि खाटेखालची शेगडी. खिडक्या लावून घ्यावयाच्या, दाराला पडदा सोडावयाचा आणि निखारे फुलवावयाचे, हा आमच्या मराठवाड्यांतच काय, महाराष्ट्रांत पुष्कळ घरांचा परिपाठ होता. बाळंतिणीचें डोकें जड झालें, तिला मळमळूं लागलें, तर वारा बाधला असें म्हणत. वस्तुतः तिला वाऱ्याचीच गरज असे!

निखारे अपुऱ्या हवेंत जळूं लागले कीं त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो नाकाडोळ्यांस झोंबतही नाहीं. धुरानें मनुष्य खोकत उठतो. ह्या वायूनें तो अधिकच गाढ झोंपतो. ह्या विषाचें मर्म पॅरिस येथील क्लोद बेर्नार ह्या शरीरशास्त्रज्ञानें 1857 सालच्या आपल्या ग्रंथांत उकलून दाखविलें. रक्तांतील तांबड्या पेशींत प्राणवायूची जी जागा, तीच हा वायु बळकावतो. आणि रक्ताशीं त्याची आसक्ति प्राणवायूच्या सुमारें 200 ते 250 पट असल्यामुळें हवेंत तो अल्प असला तरी रक्तांत सांठत जातो. त्याच पॅरिसमध्यें 1902 च्या सप्टेंबरांत विख्यात कादंबरीकार एमिल झोला आपल्या शयनगृहांत ह्याच वायूनें मरण पावला. धुराड्याची वाट तुंबली होती. त्याची पत्नी मात्र वांचली.

ह्या इतिहासांतील सर्वांत विलक्षण पुरुष म्हणजे जॉन स्कॉट हॉल्डेन. ह्या गृहस्थानें 1895 सालीं हा वायु स्वतः हुंगून पाहिला, आणि दृष्टि केव्हां मंदावते, पाय केव्हां लटपटूं लागतात, हें टिपून ठेविलें. पुढच्याच वर्षीं, 27 जानेवारी 1896 रोजीं, वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन 57 माणसें दगावलीं. हॉल्डेननें तीं प्रेतें तपासून असें दाखविलें कीं, बहुतेक माणसें स्फोटाच्या तडाख्यानें नव्हे, तर मागाहून पसरलेल्या वायूनें मेलीं. खाणींत लहान प्राणी सोबत नेण्याची युक्ति त्याचीच; त्यावरून पुढें ब्रिटिश खाणींत कॅनरी पक्षी ठेवूं लागले, ते 1986 पर्यंत होते. (ह्याचाच पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन 1957 सालीं भारतांत आला, भारतीय नागरिक झाला आणि 1964 मध्यें भुवनेश्वर येथें निवर्तला.)

परंतु पक्षी सांगतो तें हवेविषयीं. मेंदूला काय इजा झाली हें कोणीं सांगावें? रक्ताची तपासणी येथें लवकरच निरुपयोगी ठरते. रोग्याला मोकळ्या हवेंत आणलें कीं चार-पांच तासांत रक्तांतील हा वायु निम्म्यावर येतो. शुद्ध प्राणवायु दिल्यास तासा-दीड तासांत. म्हणजे रक्त निर्मळ आणि मेंदू मात्र जखमी, असें होऊं शकतें. कोरोनाच्या सांथीपासून बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर अनेक घरांत आहे. त्याच्यावर तर येथें मुळींच विसंबूं नये, कारण विषारी वायूनें भरलेली पेशी आणि प्राणवायूनें भरलेली पेशी ह्यांतला भेद त्याला कळत नाहीं. मनुष्य बेशुद्ध असतांही तो उत्तम आंकडा दाखवूं शकतो.

1926 सालीं रॉय ग्रिंकर ह्या अमेरिकन वैद्यानें दिव्याच्या गॅसनें विषबाधा झालेल्या एका रोग्याच्या मेंदूचें वर्णन प्रसिद्ध केलें. मेंदूच्या गाभ्यांत दोन्ही बाजूंना ग्लोबस पॅलिडस नांवाचे फिकट गोळे असतात. ते मऊ पडले होते, आणि खोलवरचा पांढरा भागही झडला होता. पण हें कळलें तें मृत्यूनंतर. जिवंत माणसाच्या कवटीच्या आंत डोकावण्याची सोय 1971 मध्यें लंडनला सी. टी. स्कॅननें केली, पुढें एम. आर. आय. आल्यावर ते दोन गोळे अधिक स्पष्ट दिसूं लागले.

तथापि ह्या रोगाचा खरा कावा कळला तो कोरियांत. तेथें घराच्या जमिनीखालीं कोळशाच्या भुकटीच्या वड्या जाळून घर ऊबदार ठेवीत, आणि फटींतून वायु वर येई. चोई ह्या वैद्यानें 1983 सालीं अशा 2360 रोग्यांचा वृत्तांत छापला. त्यांतील 549 जणांना रुग्णालयांत ठेवावें लागलें होतें. एकंदर 65 रोगी शुद्धीवर येऊन बरे झाल्यासारखे वाटले, आणि 2 ते 40 दिवसांनीं, सरासरीनें तीन आठवड्यांनीं, पुन्हा ढांसळले: विसरभोळेपणा, मूकपणा, लघवीवरचा ताबा सुटणें, पाय घासत चालणें. म्हातारपणीं हीं लक्षणें दिसलीं तर आपण वयावर ढकलून मोकळे होतों!

आमच्या पुंडलिकनगरांत आतां शेगडी क्वचितच दिसते. परंतु गॅसचा गीझर न्हाणीघरांत असतो आणि थंडींत खिडकी घट्ट लावलेली असते. तेथें कोणी भोंवळ येऊन पडला आणि दहा मिनिटांत सावरला, तर घरचे लोक त्याला चहा पाजतात आणि प्रसंग विसरतात. महिन्याभरानें तोच मनुष्य हिशेब चुकूं लागला, तर वैद्याला गीझरची हकीकत कोण सांगणार? यंत्रें नंतरचीं. वैद्य आधीं शंभरांतून सात-सात वजा करावयास सांगतो, तीन शब्द थोड्या वेळानें पुन्हा विचारतो, सरळ रेषेंत चालवून पाहतो. हीच परीक्षा एक-दीड महिन्यानें पुन्हा घ्यावी लागते.

चोईनें ज्या 36 जणांची पुढें चौकशी ठेविली, त्यांपैकीं शेंकडा 75 एका वर्षाच्या आंत सुधारले. राहिलेल्यांपैकीं कांहींना स्मृतीची उणीव आणि अंगाचा ताठरपणा मागें राहिला.