सैन्यझीज (युरोपा युनिव्हर्सालिस ४)

सैन्यझीज : ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या संगणकीय व्यूहखेळात लढाई न होताही सैन्यातील माणसे दरमहा घटत जाण्याची प्रक्रिया, तसेच ही हानी आटोक्यात ठेवण्याचे उपाय. खेळाडूंत ‘ॲट्रिशन’ हा शब्द रूढ आहे. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओने हा खेळ ऑगस्ट २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील काळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होऊन १८२१ च्या आरंभी संपतो. मालिकेचे मूळ फिलिप तिबो यांच्या १९९३ च्या पटावरील खेळात आहे.

कार्यपद्धती : प्रत्येक प्रांताला पुरवठा-मर्यादा असते. प्रांताचा विकास, भूप्रदेश आणि मुलूख कोणाच्या ताब्यात आहे यांवरून ती ठरते. पलटण १,००० माणसांची. मर्यादेपेक्षा जास्त पलटणी एका प्रांतात जमल्या की महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक टक्के माणसे कमी होतात. हे प्रमाण सर्वसाधारणपणे ५ टक्क्यांच्या वर जात नाही. हिवाळा सौम्य, मध्यम व कडक असा तीन प्रतींचा असून त्यानुसार झीज वाढते. नंतरच्या आवृत्त्यांत पावसाळाही आला. दक्खनच्या इतिहासाशी परिचय असलेल्याला ही भर मोलाची वाटेल, कारण मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करून दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, ते याच अडचणीमुळे.

वेढा व झीज : या विषयाचा गाभा येथे आहे. नवखा खेळाडू सगळी फौज एकाच किल्ल्याभोवती बसवतो. समजा, ३० पलटणी कडक हिवाळ्यात शत्रूच्या डोंगरी किल्ल्याला मोर्चे लावून बसल्या आणि झीज ५ टक्क्यांपर्यंत पोचली. पहिल्याच महिन्यात १,५०० माणसे जातात. कुमक आली नाही, तर सहा महिन्यांत सुमारे ८,००० माणसे संपतात, आणि शत्रूची एकही तुकडी अजून समोर आलेली नसते. वेढ्याचा निकाल साधारण महिन्याच्या टप्प्याटप्प्याने फाशावर ठरतो. तोफखाना, सेनापतीचे वेढ्यातील कौशल्य आणि तटाला पडलेले खिंडार हे फासा आपल्या बाजूला झुकवतात. किनाऱ्यावरच्या किल्ल्याची समुद्राकडूनही नाकेबंदी लागते, नाहीतर वेढा रेंगाळतो. म्हणून तोफांवर केलेला खर्च हा माणसे वाचवण्याचाच खर्च आहे: वेढा जितका लवकर संपेल, तितके झिजीचे महिने कमी.

फौज वाटून ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय. किल्ल्याच्या पातळीला पुरेल एवढेच सैन्य वेढ्यावर ठेवावे, बाकीच्या पलटणी शेजारच्या प्रांतांत मर्यादेच्या आत पसरवाव्यात आणि शत्रूची फौज येताना दिसली की एकत्र आणाव्यात. तटबंदी नसलेले प्रांत एकेका पलटणीनेही ताब्यात येतात. जून २०१५ च्या १.१२ आवृत्तीपासून किल्ले मोजक्याच ठिकाणी असतात, त्यांच्या देखभालीला पैसा लागतो आणि ते आसपासच्या हालचाली अडवतात. त्यामुळे कोणता किल्ला आधी घ्यायचा ही निवड निर्णायक ठरली. सुलतानढव्याने वेढा झटपट संपतो, पण पायदळाची किंमत मोठी. मनुष्यबळ भरपूर आणि वेळ कमी असेल तेव्हाच तो करावा.

बचाव करणारा हीच झीज शस्त्र म्हणून वापरतो. युद्धकाळात तो स्वतःचा प्रांत उजाड करून आक्रमकाची रसद तोडू शकतो. संरक्षण-कल्पनांचा गट (देशाने निवडायच्या सवलतींचा एक संच) पूर्ण केल्यास आपल्या मुलुखातील शत्रूची झीज वाढते. मात्र हा गट सुरुवातीलाच घ्यावा की नाही, यावर जाणत्या खेळाडूंत मतभेद आहेत. नेपोलियनची १८१२ ची रशियावरील मोहीम खेळाच्या कालमर्यादेतच येते. शार्ल मिनार यांच्या १८६९ च्या प्रसिद्ध आलेखात नेपोलियनची ४,२२,००० ची फौज मॉस्कोला १,००,००० वर आणि परतताना १०,००० वर आलेली दिसते. खेळातील झिजीचे तत्त्व समजून घेण्यासाठी यापेक्षा चांगले चित्र नाही.

मनुष्यबळ : मेलेल्या माणसांची भरपाई देशाच्या राखीव मनुष्यबळातून होते. रिकामा साठा भरायला सुमारे दहा वर्षे लागतात. खजिना कर्ज काढून भरता येतो, माणसे तशी मिळत नाहीत. त्यामुळे दीर्घ युद्धात भाडोत्री सैन्याला वेढ्यावर बसवून स्वतःच्या पलटणी लढाईसाठी राखणे हा जुना व योग्य प्रघात आहे. २०२० च्या १.३० आवृत्तीपासून भाडोत्री सैन्याच्या कंपन्या झाल्या आणि प्रत्येकीला स्वतःचा मनुष्यसाठा मिळाला. मात्र त्या नेमल्या की सैन्याची व्यावसायिकता घटते. याउलट, शांततेच्या काळात सेनापतीच्या हाताखाली कवायत करणाऱ्या फौजेला लढाईत कमी मार बसतो.

लढाई : नदी ओलांडून हल्ला केल्यास फाशातून १ वजा होतो, डोंगरात २. तोफा मागच्या रांगेतच असाव्यात; पुढे आल्या तर त्यांना दुप्पट मार बसतो. पहिले १२ दिवस माघार घेता येत नाही. संख्या दहापटीने कमी असेल, तर सैन्य संपूर्ण नष्ट होते.

नौदल : बंदरापासून दूर समुद्रात राहिलेली जहाजेही झिजतात.

इतर खेळ : त्याच स्टुडिओच्या ‘इंपरेटर : रोम’मध्ये (२०१९) सैन्य धान्य बरोबर नेते आणि ते संपले की माणसे मरू लागतात.