भारतातील सामाजिक पूर्वग्रहाचे संशोधन

सामाजिक पूर्वग्रह म्हणजे एखाद्या व्यक्तीचा प्रत्यक्ष अनुभव घेण्याआधीच, केवळ ती ज्या समूहातील आहे त्यावरून तिच्याविषयी बनलेले मत होय. भारतात या विषयाचे प्रायोगिक संशोधन मुख्यत्वे जात, धर्म आणि लिंग यांच्या संदर्भात झाले आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अटवेल यांच्यासह केलेला नोकरभरतीचा अभ्यास (इ.स. २००७) हा या संशोधनातील महत्त्वाचा टप्पा आहे. यातील बहुतेक प्रयोगांची पद्धत समान आहे : बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवून केवळ नाव किंवा जातीचा उल्लेख बदलायचा आणि त्यामुळे निर्णय बदलतो का, हे पाहायचे.

संज्ञा

मानसशास्त्रात साचेबंद समजूत, पूर्वग्रह आणि भेदभाव या तीन संज्ञांत फरक केला जातो. पहिली विचाराशी, दुसरी भावनेशी आणि तिसरी कृतीशी संबंधित आहे. उदाहरणार्थ, आदिवासी मुलांना गणित जमत नाही असे मानणे ही साचेबंद समजूत होय. त्या मुलांविषयी दुरावा वाटणे हा पूर्वग्रह होय. आणि वर्गात त्यांना फळ्यापाशी न बोलावणे हा भेदभाव होय. भेदभाव करणाऱ्याला आपल्या पूर्वग्रहाची जाणीव असतेच असे नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जात ही मुळात एक मनोधारणा आहे, असे प्रतिपादन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इ.स. १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या प्रबंधात केले होते. स्वातंत्र्यानंतर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गार्डनर मर्फी यांनी युनेस्कोच्या वतीने भारतातील सामाजिक तणावांचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ इ.स. १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांचा पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील ग्रंथ प्रकाशित झाला. तो या विषयाचा पाया मानला जातो.

हेन्री ताजफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इ.स. १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ब्रिटनमधील शाळकरी मुलांची अगदी क्षुल्लक निकषांवर गटवारी केली होती. एवढ्यावरूनही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. जुने वैर किंवा स्वार्थ नसतानाही केवळ ‘आपण’ आणि ‘ते’ अशी विभागणी पक्षपाताला पुरेशी ठरते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

मेंदूविज्ञानातील निरीक्षणे

इ.स. १९९८ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘अव्यक्त साहचर्य चाचणी’ मांडली. दोन कल्पनांची सांगड किती चटकन घातली जाते, यावरून मनातील न बोललेला कल मोजण्याचा तिचा उद्देश आहे. एलिझाबेथ फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी इ.स. २००० मध्ये गौरवर्णीय अमेरिकन व्यक्तींना अनोळखी कृष्णवर्णीय चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूचे प्रतिमांकन केले. भीती आणि सावधपणा यांच्याशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागाची सक्रियता या चाचणीतील गुणांशी जुळत होती. सहभागींनी उघडपणे सांगितलेल्या मतांशी मात्र जुळत नव्हती. परिचित आणि लोकप्रिय कृष्णवर्णीय व्यक्तींचे चेहरे दाखवल्यावर हा संबंध दिसला नाही. यावरून अशा प्रतिक्रिया अनुभवाने घडतात आणि अनुभवाने बदलूही शकतात, असे मानले जाते.

भारतातील प्रमुख प्रयोग

नोकरभरती : सुखदेव थोरात यांचा जन्म इ.स. १९४९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील महिमापूर येथे झाला. ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक आणि इ.स. २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. थोरात आणि अटवेल यांनी इंग्रजी वृत्तपत्रांत आलेल्या खासगी क्षेत्रातील ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. अर्जदारांची पात्रता तुल्यबळ होती; नावांवरून मात्र उच्चवर्णीय हिंदू, दलित किंवा मुस्लिम अशी ओळख पटत होती. पुढील फेरीचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांसाठी ०.६७, तर मुस्लिम नावांसाठी ०.३३ आढळले.

विद्यार्थ्यांची कामगिरी : कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवण्यास दिले. त्यांत ३२१ मुले उच्च जातींतील आणि ३२१ मुले दलित जातीतील होती. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. सर्वांसमक्ष नाव, गाव आणि जात वाचून दाखवल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी त्याच प्रकारची होती. बदलली होती ती केवळ परिस्थिती.

उत्तरपत्रिकांची तपासणी : रेमा हॅना आणि ली लिंडन (इ.स. २०१२) यांनी उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर विद्यार्थ्याची जात, वय आणि लिंग यादृच्छिक पद्धतीने लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. ‘खालची’ जात नोंदवलेल्या उत्तरपत्रिकांना ०.०३ ते ०.०८ प्रमाण विचलन एवढे कमी गुण मिळाले. हा फरक प्रामुख्याने त्याच जातसमूहांतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला. समाजातील साचेबंद समजुती ज्यांच्याविषयी असतात, त्यांच्याही मनात त्या रुजतात, असा याचा एक अर्थ लावला जातो.

मेळघाटाचा संदर्भ

नावावरून समूहाची ओळख पटणे हा या प्रयोगांचा कणा आहे. अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकू समाजाची मोठी वस्ती आहे. कासदेकर, बेठेकर, मावसकर यांसारखी आडनावे ऐकताच वऱ्हाडातील माणसाला अर्जदाराचा समाज कळतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठीशी तिचे नाते नाही. त्यामुळे मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीत आलेले कोरकू मूल गप्प राहिले, तर ते भाषा न कळल्यामुळे असू शकते. ते मूल ‘मंद’ असल्याचा शिक्का बसला, तर परिस्थितीचा दोष स्वभावावर ढकलला जातो. परक्या समूहाच्या उणिवा त्याच्या स्वभावाला आणि आपल्या समूहाच्या उणिवा परिस्थितीला चिकटवण्याच्या या प्रवृत्तीची मांडणी थॉमस पेटिग्रू यांनी इ.स. १९७९ मध्ये केली. मेळघाटातील कुपोषणाचे कारण केवळ आदिवासींच्या अंधश्रद्धेत शोधताना रस्ते, रोजगार आणि आरोग्यसेवा यांची उणीव नजरेआड होते, तेव्हाही हीच प्रवृत्ती काम करते.

पूर्वग्रह कमी करण्याचे उपाय

समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि अधिकारी व्यक्तींचा पाठिंबा असेल, तर समूहांमधील संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, असे ऑलपोर्ट यांनी मांडले होते. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात १,२६१ तरुणांच्या क्रिकेट स्पर्धांद्वारे हे तपासले (इ.स. २०२१). एकाच संघात खेळल्याने आंतरजातीय मैत्री वाढली. प्रतिस्पर्धी म्हणून खेळल्याने मात्र उलट परिणाम झाला. पश्चिम बंगालमधील एका अभ्यासात (इ.स. २००९), राखीव जागांमुळे स्त्री-सरपंचांचा अनुभव घेतलेल्या गावांत स्त्रियांच्या नेतृत्वक्षमतेविषयीच्या साचेबंद समजुती सौम्य झाल्याचे दिसले. पुरुष नेत्यांविषयीची पसंती मात्र कायम राहिली.

दुसरा उपाय निर्णयाच्या पद्धतीशी संबंधित आहे. शालान्त परीक्षेत तपासनिसापुढे विद्यार्थ्याचे नाव येत नाही, त्यामुळे नावावरून मत बनण्यास वाव राहत नाही. तोंडी परीक्षा, अंतर्गत गुण आणि मुलाखत यांना हे संरक्षण लाभत नाही.

टीका आणि मर्यादा

अव्यक्त साहचर्य चाचणीत एकाच व्यक्तीचे गुण वेळोवेळी बदलतात आणि त्यांवरून तिच्या प्रत्यक्ष वर्तनाचा अंदाज फारसा बांधता येत नाही, असा आक्षेप घेतला जातो. सर्व क्षेत्रांतील निष्कर्षही सारखे नाहीत. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांच्या दिल्लीतील अभ्यासात (इ.स. २००९) सॉफ्टवेअर क्षेत्रातील नोकऱ्यांत जातीनुसार फरक आढळला नाही, कॉल सेंटरमधील नोकऱ्यांत मात्र तो आढळला. शिवाय, अर्जांच्या प्रयोगातून निवडीची केवळ पहिली पायरी मोजली जाते. ज्यांना अर्ज करण्याइतके शिक्षणच मिळाले नाही, त्यांचा अनुभव अशा आकडेवारीच्या बाहेर राहतो.