समासातील आडवी रेघ

जुन्या काव्यातील एखादी ओळ संशयास्पद वाटली, तर संपादकाने काय करावे? ती गाळावी, की जागच्या जागी ठेवून आपला संशय तेवढा नमूद करावा? पुराव्याची छाननी करणाऱ्या वकिलास हा प्रश्न परका वाटणार नाही. त्याचे एक थोर उत्तर बावीसशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात दिले गेले.

होमरचे ‘इलियड’ हे चोवीस सर्गांचे व पंधरा हजारांहून अधिक ओळींचे महाकाव्य. मुखपरंपरेतून आलेल्या या काव्याच्या प्रती एकमेकींशी जुळत नसत, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील पपायरसांच्या तुकड्यांत तर पुढील पोथ्यांत नसलेल्या ओळीही आढळतात. तेव्हा ग्रंथपाल झेनोडोटस याने संशयित ओळीच्या डावीकडे, समासात, एक आडवी रेघ ओढण्याची प्रथा पाडली. तिचे नाव ‘ओबेलोस’. झेनोडोटस कित्येक ओळी गाळीतही असे. त्याच्या नंतरचा ॲरिस्टार्कस मात्र अधिक सावध होता. तो सामान्यतः ओळ राखी, खूण करी आणि कारणे भाष्यात देई.

तथापि याच ॲरिस्टार्कसवर एक गंभीर आरोप आहे. नवव्या सर्गात वृद्ध फिनिक्स आपल्या तारुण्यातील पितृकलह सांगतो. क्रोधाच्या भरात पित्याचा वध करण्याचे मनात आले होते, पण एका देवाने आवरले, अशा अर्थाच्या चार ओळी ॲरिस्टार्कसने भयापोटी काढून टाकल्या, असे प्लूटार्क लिहितो. त्या ओळी काव्याच्या हस्तलिखितांत नाहीत. प्लूटार्कने उद्धृत केल्या म्हणूनच आज उपलब्ध आहेत. साक्षीदार एकच, तोही सुमारे अडीचशे वर्षांनंतरचा, आणि कृत्य आरोपीच्या नित्याच्या रीतीशी विसंगत. त्यामुळे विद्वानांत एकमत नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. रेघ मारलेल्या ओळीचा फेरविचार होऊ शकतो. गाळलेल्या ओळीस दाद मागण्यास जागाच उरत नाही.

ॲरिस्टार्कसची भाष्ये काळाच्या उदरात गडप झाली. पण ॲरिस्टोनिकस, डिडिमस आदी पंडितांनी त्यांतील सार नोंदविले, आणि दहाव्या शतकातील एका बायझंटाइन लेखकाने ते एका भव्य पोथीच्या समासांत खुणांसह उतरविले. ती पोथी कार्डिनल बेस्सारिओन याच्या संग्रहात आली. कॉन्स्टँटिनोपल 1453 मध्ये पडल्यावर ग्रीक विद्येचे रक्षण हे त्याने व्रत मानले होते. 1468 मध्ये त्याने आपला ग्रंथसंग्रह व्हेनिसला अर्पण केला. पुढे 1788 मध्ये व्हिल्वाझों या फ्रेंच पंडिताने ही पोथी टिपणांसह छापली. त्याच आधारावर 1795 मध्ये जर्मन पंडित वोल्फ याने होमरच्या काव्याचा मूळ पाठ हाती लागणे अशक्य असल्याचे प्रतिपादन केले, आणि आधुनिक होमर-चिकित्सेस नवे वळण लागले.

आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये आरंभिलेली व 1966 मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच न्यायाने सिद्ध झाली. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार, मूळ संहितेबाहेर ठरलेले श्लोक नष्ट न करता तळटीपांत व परिशिष्टांत जपले गेले. श्रद्धाळू वाचकास चिकित्सा म्हणजे पवित्र ग्रंथावर घाव वाटतो. वस्तुतः जो संपादक संशय उघड नोंदवितो आणि शब्द मात्र राखतो, तोच ग्रंथाचा खरा विश्वस्त होय.