स्वीकारलेली मायभूमि

जुलमी राजवटींत वाढलेलीं माणसें जन्मभूमि सोडून मोकळ्या मुलखाचा आश्रय घेतात, अशा कथा इतिहासांत पुष्कळ आहेत. आपल्या नांदेड भागांतूनहि १९४७-४८ सालीं रझाकारांच्या भयानें शेंकडों कुटुंबें पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या बाजूस गेलीं. परंतु ज्यांच्या नांवानें विष्णुपुरी येथील विद्यापीठ ओळखलें जातें, त्या स्वामी रामानंद तीर्थांचा प्रवास नेमका उलट्या दिशेनें झाला.

त्यांचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं सिंदगी येथला. विद्याभ्यास सोलापूर, अमळनेर व पुणें येथें झाला. हा सारा ब्रिटिश मुलूख. तेथेंहि पारतंत्र्य होतेंच. तथापि सभा भरत, वर्तमानपत्रें निघत, कामगारांच्या संघटना उभ्या राहात. कामगार-पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं त्यांनीं कांहीं काळ कार्यहि केलें. असा मनुष्य १९२९ सालीं निजामाच्या राज्यांत, हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेंत मुख्याध्यापक म्हणून आला. १४ जानेवारी १९३० रोजीं त्यांनीं संन्यास घेतला.

ज्या राज्यांत ते आले तेथें ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमान्वयें सभेस आगाऊ परवानगी लागे. राज्यकारभार एका व्यक्तीच्या इच्छेनें चाले. उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें; मराठी, तेलुगु व कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या भाषांस तेथें तें स्थान नव्हतें. अशा स्थितींत खेड्यांतील राष्ट्रीय शाळा ही केवळ अक्षरें शिकविण्याची जागा राहात नाहीं, हें आम्हां शिक्षकांस निराळें सांगावयास नको.

१९३५ सालीं ती शाळा मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस आली. १९३८ सालीं स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वींच सरकारनें तिजवर बंदी घातली, तेव्हां स्वामीजी शाळा सोडून सत्याग्रहांत उतरले व तुरुंगांत गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, त्या दिवशीं त्यांस पुन्हां अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली, तेव्हां त्यांची सुटका झाली.

येथपर्यंतचा वृत्तांत बहुतेकांस ठाऊक असतो. पुढील भाग मात्र विशेष मननीय आहे. ज्या राज्यासाठीं त्यांनीं कारावास सोसला, तें राज्यच भाषेनुसार विभागावें, असा आग्रह त्यांनीं धरला. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेंत चालावयाचा तर दुसरा मार्ग नाहीं, हें त्यांस पटलें होतें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्य आंध्र, म्हैसूर व मुंबई या तीन राज्यांत वांटलें गेलें. १९५२ सालीं गुलबर्ग्यानें त्यांस लोकसभेवर पाठविलें होतें. १९५७ सालीं औरंगाबादेनें पाठविलें. २२ जानेवारी १९७२ रोजीं त्यांनीं हैदराबादेंत देह ठेवला.

आपण मिळविलेल्या भूमीवर हक्क न सांगतां ती तिच्या लोकांस वांटून देणें, ही गोष्ट सोपी नव्हे. १७ सप्टेंबर १९९४ रोजीं विष्णुपुरीस विद्यापीठ स्थापन झालें. तेथें शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींनीं एवढें लक्षांत ठेवावें, कीं मराठवाड्याच्या मुक्तीचा हा अग्रणी मराठवाड्यांत जन्मलेला नव्हता. एका खेड्यांतील शाळेसाठीं तो येथें आला, आणि येथलाच झाला.