ज्वारीतल्या करडईच्या ओळी

मोहोळ तालुक्यात माझ्या आजोळची कोरडवाहू जमीन आहे. नाना रब्बीची ज्वारी पेरताना मध्ये करडईच्या ओळी टाकत. का, असं विचारलं तर म्हणायचे, घरचं तेल होतं आणि काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. किडीचा विषय त्यांच्या बोलण्यात कधी आला नाही. त्यामुळे पूर्वजांना सगळं शास्त्र ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या शेतात ते शास्त्र चालू होतं.

ज्वारीवर मावा पडला की पानांवर चिकटा येतो, कडबा खराब होतो. करडईवरही मावा येतो, पण तो वेगळ्या जातीचा. ढालकिड्याला मात्र दोन्ही चालतात. करडईवर पोसलेले ढालकिडे शेजारच्या ज्वारीकडेही वळतात. (वर्गातली मुलं त्याला बीरबहूटी म्हणतात. ती वेगळी. उर्दूतली बीरबहूटी म्हणजे आपला मृगाचा किडा.) हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे विखुरले की त्या ताटांवर पक्षी येऊन बसतात आणि घाटेअळ्या टिपतात.

सोलापूर हा 1876-78 च्या दुष्काळात होरपळलेला जिल्हा. 1933 मध्ये इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं, तेव्हा मुख्य प्रश्न होता जमिनीतली ओल टिकवण्याचा. पुढे बाजरीच्या दोन ओळींना तुरीची एक, अशा शिफारशी आल्या, त्याही पावसानं दगा दिला तर एक पीक तरी हाती लागावं म्हणून.

किडीच्या शत्रूंची ओळख आम्हाला खरी करून दिली ती उसानं. 2002 नंतर लोकरी मावा पसरला आणि उंच उसात फवारणी शिरेना. तेव्हा कोनोबाथ्रा, मायक्रोमस ही मित्रकीटकांची नावं चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागली. लोक कोनोबाथ्राच्या अळ्या असलेली पानं एका फडातून दुसऱ्या फडात नेत.

यमनमध्ये हे फार आधी चाललं होतं. 1763 मध्ये तिथेच वारलेल्या पेटर फोर्सकल या निसर्ग-अभ्यासकाच्या नोंदी 1775 मध्ये छापल्या गेल्या. खजुराची झाडं वाचवायला तिथले लोक डोंगरातून शिकारी मुंग्या आणून झाडांवर सोडत, असं त्यात आहे. मुंगीच्या नावाची सूरा आपण लहानपणापासून वाचतो, पण ही मुंगी मला चाळिशीत भेटली.

यंदा मामूंना म्हटलं, ज्वारीत करडई टाका. ते म्हणाले, "काटे टोचतात म्हणून काढणीला बाया येत नाहीत, तू येशील का?" मला उत्तर सुचलं नाही. शेवटी बांधाकडच्या दोन ओळींवर तडजोड झाली.