पूर्ववयाशी संवाद : मराठी आत्मकथनातील एक धागा

पोक्त माणसाने आपल्याच पूर्ववयाकडे वळून त्याला चार गोष्टी सांगाव्यात, दोष द्यावा किंवा धीर द्यावा, ही प्रवृत्ती मराठीत आत्मचरित्राबरोबर रुजली असली, तरी तिची भूमी संतकाव्याने आधीच नांगरून ठेवली होती. समर्थ रामदासांच्या 'मनाचे श्लोक' या 205 श्लोकांच्या रचनेत माणूस स्वतःच्याच मनाला समजावतो, आणि म्हणूनच तिच्यात धाकाइतकेच आर्जवही आहे. मात्र हे मन कोणत्याही विशिष्ट वयाचे, गावाचे वा जातीचे नसल्यामुळे त्याला उपदेश करता येतो, पण त्याची विचारपूस करता येत नाही.

ज्याला स्वतःचा भूतकाळ आहे असा 'स्व' नाना फडणीसांच्या (1742–1800) त्रोटक आत्मचरित्रात भेटतो. जन्मापासून पानिपतच्या रणातून सुटका होईपर्यंतचाच काळ त्यात आला असून, 14 जानेवारी 1761 च्या त्या दिवशी नानांना एकोणीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. इतिहासकार हे लेखन प्रामुख्याने पानिपतचे साधन म्हणून वापरतात. पण तारुण्यातील मोहांची त्यांनी दिलेली कबुली आणि जीव वाचला याचे श्रेय ईश्वराला देण्याची त्यांची रीत पाहता, तो एका मुलाचा घेतलेला झाडाही आहे. त्यात पश्चात्ताप आहे, माया मात्र फार थोडी.

ती माया विसाव्या शतकाच्या आरंभी दिसू लागते. धोंडो केशव कर्वे यांनी 'आत्मवृत्त' (1915) लिहिले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी सातारा गाठलेल्या आणि केवळ वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू न दिलेल्या लाजाळू मुलाची हकिगत ते सांगतात, तेव्हा त्या मुलाला ते हसत नाहीत आणि त्याचा गौरवही करत नाहीत. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (1910) हे पुस्तक पतीच्या चरित्रासारखे वाचले जाते. तथापि 1873 मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली, शिकते म्हणून घरातल्या बायकांचे टोमणे मुकाट्याने सोसणारी मुलगी त्यात जागोजागी उभी आहे, आणि लिहिणारी प्रौढ स्त्री तिची बाजू आवाज न चढवता घेते.

या धाग्याला खरी कलाटणी दया पवारांच्या 'बलुतं' (1978) या पुस्तकाने दिली. गावकीची कामे करणाऱ्यांना सुगीला मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते. वंशपरंपरेने वाट्याला आलेले दुःख याच अर्थाने ते नाव येथे येते. पुस्तकाची मांडणीच दोघांच्या भेटीवर उभी आहे : एक लेखक म्हणून नावारूपाला आलेला दया पवार, आणि दुसरा जन्मनावाने वावरणारा दगडू मारुती पवार. महारवाड्यातील आणि मुंबईच्या कावाखान्यातील दिवस दगडू सांगतो व लेखक ऐकतो. प्रतिष्ठा मिळालेला माणूस आपल्या पूर्वीच्या रूपाला उपदेश करण्याचा अधिकार येथे सोडून देतो, आणि ज्या आठवणी लपवाव्यात असे समाजाने शिकवले त्या उघडपणे बोलण्याची मुभा त्याला देतो. दगडूला याहून मोठा धीर दुसऱ्या कोणत्याही रीतीने देता आला नसता, आणि म्हणूनच मराठी आत्मकथनाच्या इतिहासात या मांडणीचे मोल तिच्या आशयाइतकेच मानले पाहिजे.

'बलुतं'नंतर दलित स्त्रियांनीही हा मार्ग धरला. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर शांताबाई कांबळे यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली, ती 1986 मध्ये पुस्तकरूपाने आली. तिची नायिका नाजा, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील गरीब महार कुटुंबात वाढलेल्या शांताबाईच होत. तिच्यावर पुढे दूरदर्शनसाठी मालिका निघाली, आणि त्या मालिकेचे नाव 'नाजुका' असे ठेवण्यात आले.